लाइट गेली की चार मिनिटांत कॅमेरे का थांबतात? मल्टिकास्टचं दुखणं घड्याळ लावून शोधा

चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या पॅकहाऊसमधून मला वर्षभरात सहा-सात वेळा एकच फोन आला. फोन वॉचमनचा आणि वाक्यही ठरलेलं: "भाऊ, लाईट गई, का कॅमेरा बी गया."

आता लाइट गेल्यावर कॅमेरा गेला तर त्यात नवल काय, असं कोणीही म्हणेल. पण कॅमेरे, त्यांचा नेटवर्क स्विच (सगळ्यांच्या वायरी जोडणारा डबा), पॅकिंग लाइनजवळचा टीव्ही आणि त्यामागचा पीसी हे सगळं इन्व्हर्टरवर होतं. लाइट गेल्यावर चित्र चालूच राहायचं. मग तीन-चार मिनिटांनी सोळाच्या सोळा खिडक्या थिजायच्या. फणी धुणाऱ्या बाईचा हात टाकीवर तसाच अधांतरी. कोणी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की चित्र परत यायचं आणि चारेक मिनिटांनी परत जायचं. लाइट आली की पाच मिनिटांत सगळं आपोआप ठीक.

साहजिकच सगळा आळ इन्व्हर्टरवर. अप्पांनी, म्हणजे मालकांनी, दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. माझ्या आधीच्या माणसाने स्विच बदलला होता. मीही पहिल्या खेपेला केबलची टोकं नव्याने मारून आलो आणि पैसे घेतले, हे कबूल करतो.

दोन गोष्टी मात्र इन्व्हर्टरच्या गोष्टीत बसत नव्हत्या. एक, एनव्हीआरमधलं (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या डब्यातलं) रेकॉर्डिंग पूर्ण होतं, थिजलेल्या वेळेचंसुद्धा. म्हणजे कॅमेरे जिवंत होते. दुसरी, बिघाडाला वेळेची शिस्त होती. बॅटरी उतरते तेव्हा ती घड्याळ बघून उतरत नाही. ठरावीक वेळाने काही बंद पडत असेल तर कुठेतरी टायमर संपतोय.

पाणी खालून मागावं लागतं

इथे कॅमेऱ्यांचं चित्र चार जागी बघायचं होतं: पॅकिंग लाइन, कोल्ड स्टोरेज, गेटची केबिन आणि अप्पांचं ऑफिस. साध्या पद्धतीने, म्हणजे युनिकास्टने, कॅमेऱ्याला चौघांसाठी चार वेगळ्या प्रती पाठवाव्या लागतात. ४ एमबीपीएसचं चित्र असेल तर एका कॅमेऱ्याच्या वायरीतून १६ एमबीपीएस. म्हणून आधीच्या माणसाने बघण्यासाठी मल्टिकास्ट लावला होता आणि रेकॉर्डिंगसाठी युनिकास्ट ठेवला होता. काम त्याने चांगलं केलं होतं, उगाच नावं ठेवणार नाही. रेकॉर्डिंग शाबूत का राहायचं तेही यातून कळतं.

मल्टिकास्टमध्ये कॅमेरा एकच प्रत एका ग्रुपच्या पत्त्यावर सोडतो. हे पत्ते २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ या पट्ट्यातले. त्यातला २३९ ने सुरू होणारा भाग संस्थेच्या आतल्या वापरासाठी राखलेला आहे. ती प्रत जिथे वाट फुटते तिथेच दुप्पट होते, आधी नाही.

साक्री तालुक्यात पांझरेवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र लगेच दिसेल. बंधाऱ्यातून एकच पाट निघतो, त्याला चाऱ्या फुटतात आणि पाटकरी कोणत्या चारीला पाणी सोडायचं ते बघतो. फरक इतकाच की मल्टिकास्टमध्ये मागणी शेताकडून वर चढत जाते. टीव्हीमागचा पीसी "मला हा ग्रुप हवा" असा निरोप देतो, तो आयजीएमपी. स्विच तो निरोप चोरून ऐकतो (याला स्नूपिंग म्हणतात) आणि तेवढ्याच पोर्टकडे पाणी सोडतो. मध्ये राउटर असतील तर ते हीच मागणी पिम या प्रोटोकॉलने एकमेकांकडे वर सरकवत स्रोतापर्यंत नेतात. स्रोताला खाली कोण बसलंय याचा पत्ताही नसतो. म्हणूनच तक्रार आली की लोक कॅमेऱ्यापासून तपासायला लागतात ते उलटं आहे. बघणाऱ्यापासून सुरू करून वर चढा.

आता मुद्द्याची गोष्ट. पीसी हा निरोप सुरुवातीला स्वतःहून देतो. पुढे मात्र कोणी विचारलं तरच उत्तर देतो. विचारणाऱ्याला क्वेरिअर म्हणतात. तो दर १२५ सेकंदांनी २२४.०.०.१ वर "कोणाकोणाला काय हवंय?" अशी हाक मारतो आणि ऐकणारे १० सेकंदांच्या आत कधीतरी उत्तर देतात. एखादी हाक वाया गेली तरी चालेल असा हिशेब धरून दोन वेळा १२५ अधिक १०, म्हणजे २६० सेकंद उत्तर आलं नाही की स्विच ती चारी बंद करतो. ४ मिनिटं २० सेकंद. हे आकडे आयजीएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीच्या मानकात, म्हणजे १९९७ च्या आरएफसी २२३६ मध्ये आहेत, २००२ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीतही मूळ आकडे तेच राहिले आणि बरेचसे स्विच आजही तेच घेऊन कारखान्यातून निघतात.

क्वेरिअर कुठे असतो? ज्या राउटरवर मल्टिकास्ट चालू आहे तो आपोआप क्वेरिअर होतो. साधा स्विच होत नाही, त्याला सांगावं लागतं.

पॅकहाऊसमध्ये राउटर होता ऑफिसच्या खोलीत. त्या खोलीत इन्व्हर्टरची लाइन फक्त पंख्याला आणि ट्यूबलाइटला दिलेली.

प्लग ओढून बघितला

सातव्या फोननंतर मी लाइट जायची वाट न बघता गेलो. मे महिना, दुपारचे दोन. पत्र्याखाली पॅकिंग लाइनचा पीसीसुद्धा भाजून निघत होता. त्यावर वायरशार्क (नेटवर्कवरचे निरोप दाखवणारा प्रोग्राम) चालू केला आणि फिल्टरमध्ये फक्त आयजीएमपी ठेवलं. १९२.१६८.१०.१० कडून, म्हणजे राउटरकडून, १२५ सेकंदांनी एक हाक आणि मग पुढच्या दहा सेकंदांत सोळा उत्तरं, प्रत्येक ग्रुपचं एक. दोन फेऱ्या तशा पाहिल्या.

तिसऱ्या हाकेनंतर चाळीस सेकंदांनी वॉचमनला फोनवर सांगितलं, ऑफिसातल्या राउटरचा प्लग ओढा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं.

चित्र छान चालू. एक मिनिट, दोन मिनिटं. वायरशार्कमध्ये मात्र शुकशुकाट. ३ मिनिटं ४१ सेकंदांना वरच्या रांगेतली दुसरी खिडकी थिजली. मग टाकीची, मग गेटची. ३:४९ ला सोळावी. आठ सेकंदांत एकामागून एक, ज्या क्रमाने त्यांची शेवटची उत्तरं गेली होती बहुधा त्याच क्रमाने. शेवटचं उत्तर प्लग ओढायच्या तीस ते चाळीस सेकंद आधीचं होतं, ते मिळवलं की २६० चा हिशेब बसतो. लाइट नेमकी कधी जाते त्यावर सव्वादोन मिनिटांपासून साडेचार मिनिटांपर्यंत कुठेही चित्र थांबू शकतं, म्हणूनच लोक "तीन-चार मिनिटं" असं मोघम सांगायचे.

प्रोग्राम बंद करून उघडल्यावर परत का चालायचं तेही इथे सुटतं. उघडताना पीसी स्वतःहून निरोप देतो, चारी उघडते, पुढे विचारणारं कोणी नाही, २६० सेकंदांनी बंद.

एक इशारा. या स्विचवर नोंद नसलेला मल्टिकास्ट टाकून द्यायचा असं सेटिंग होतं. काही स्विच उलट वागतात आणि नोंद संपली की सगळ्या पोर्टांवर पूर सोडतात. तिथे तक्रार "चित्र थांबलं" अशी येत नाही, "वायफाय मेलं, प्रिंटर हँग झाला" अशी येते, कारण वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यात संथ वेगाने सोडला जातो आणि सगळी हवा अडवून बसतो. दुखणं तेच.

उपाय, आणि उपायातली खोच

पॅकहाऊसच्या मुख्य स्विचवर स्नूपिंग क्वेरिअर चालू केला. त्यासाठी कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या काढलेल्या नेटवर्कमध्ये) स्विचला आयपी द्यावा लागतो. आयपी न देता काही स्विच ०.०.०.० वरून हाक मारतात आणि अशी हाक सगळेच मोजतात असं नाही, तेव्हा पत्ता द्याच. मी १९२.१६८.१०.२५० दिला. पुन्हा प्लग ओढला. पाच मिनिटं झाली, चित्र चालू. चहा घेतला, घरी आलो.

दोन दिवसांनी वॉचमन म्हणाला, आता सगळे बंद होत नाहीत, पण लाइट गेल्यावर थोड्या वेळाने एक-दोन खिडक्या दचकतात.

हा माझा चुकलेला हिशेब, सविस्तर सांगतो कारण तो कुठे लिहिलेला मला सापडला नव्हता. एका व्हीलॅनमध्ये दोन क्वेरिअर असले तर ज्याचा आयपी लहान तो जिंकतो, दुसरा गप्प बसून ऐकतो. राउटर .१०, स्विच .२५०, म्हणजे राउटर जिंकला. राउटर मेल्यावर गप्प बसलेला स्विच किती वेळाने जागा होतो? शेवटच्या हाकेपासून दोन वेळा १२५ अधिक ५, म्हणजे २५५ सेकंदांनी. तो हाक मारतो आणि पीसी त्यापुढच्या दहा सेकंदांत कधीतरी उत्तर देतो. इकडे प्रत्येक ग्रुपची नोंद शेवटच्या उत्तरापासून २६० सेकंदांनी संपते. मागच्या वेळी ज्या ग्रुपचं उत्तर चटकन गेलं होतं आणि या वेळी रेंगाळलं, त्याची चारी दोन-चार सेकंद बंद होते. दोन्ही उत्तरं शून्य ते दहा सेकंदांत कुठेही पडू शकतात हे धरून गणित केलं तर आठात एक अशी शक्यता निघते. सोळा खिडक्यांत दोन. वॉचमनची नजर बरोबर होती.

म्हणून क्वेरिअर नुसता असून भागत नाही, सगळ्यात शेवटी मरणारं उपकरण हाच मुख्य क्वेरिअर हवा. स्विचचा पत्ता २५० वरून २ केला. राउटरचा तसाच ठेवला. आता लाइट असो-नसो, हाक स्विचच मारतो. कोणता क्वेरिअर निवडला गेलाय ते बघायला बहुतेक स्विचवर "शो आयपी आयजीएमपी स्नूपिंग क्वेरिअर" किंवा त्याच्या जवळपासची कमांड असते. नेटवर्कला हात लावून निघण्याआधी ती मारून बघायचीच.

चार मिनिटं नसतील तर

चित्र सुरूच होत नाही, पण एकाच व्हीलॅनमधल्या पीसीवर झकास दिसतं, राउटरपलीकडे ढिम्म: आधी टीटीएल (पॅकेटने किती राउटर ओलांडायचे त्याची मर्यादा) बघा. मल्टिकास्ट पाठवणाऱ्या प्रोग्रामला काही सांगितलं नाही तर टीटीएल १ असतो. राउटर त्यातला एक कमी करतो, उरतं शून्य, पॅकेट केराच्या टोपलीत. कुठे एरर नाही, कुठे लॉग नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरने चाचणी करणारे यात हमखास अडकतात. मी एका जिनिंगमध्ये अर्धा दिवस घालवलाय. टीटीएल १६ करून बघा.

लॅपटॉपवरच दिसत नाही, शेजारच्या पीसीवर दिसतं: लॅपटॉपचं वायफाय चालू आणि वायरही लावलेली असते. निरोप वायफायने जातो, चित्र वायरीवर शोधताय. वायफाय बंद करा. विंडोजमध्ये "नेटश इंटरफेस आयपी शो जॉइन्स" मारलं की कोणत्या कार्डावरून कोणता ग्रुप मागितलाय ते दिसतं.

सगळीकडे पूर आणि स्नूपिंग तर चालू आहे: ग्रुपचा पत्ता बघा. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा राउटरांच्या आपसातल्या बोलण्याचा, तो राउटर पुढे नेत नाही आणि स्विच सगळीकडे सोडतो. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं की ग्रुपच्या पत्त्यातले शेवटचे २३ बिटच मॅक पत्त्यात (स्विच ज्यावरून ओळखतो त्या हार्डवेअरच्या पत्त्यात) उतरतात, पाच बिट गळतात, त्यामुळे ३२ वेगळे ग्रुप एकाच मॅकवर येतात. २३९.१२८.०.५ हा निरागस दिसणारा पत्ता २२४.०.०.५ च्या, म्हणजे ओएसपीएफच्या (राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलच्या), मॅकवर जाऊन बसतो. मॅक बघून काम करणारा स्विच त्याला आवरत नाही. २३९.१०.१०.१ पासून पुढे चढत गेलात तर हा त्रास नाही.

आणि सगळ्यात चकवणारा प्रकार: चित्र येतं, पहिले एक-दोन सेकंद काचेसारखं स्वच्छ, मग चौकटी-चौकटी. हा धुळ्यातल्या एका कॉलेजात भेटला. सभागृहातलं व्याख्यान नाल्यापलीकडच्या इमारतीत दाखवायचं होतं. तीन इमारती, तीन राउटर. मुख्य इमारतीतून दोन्हीकडे फायबर आणि सभागृह ते नाल्यापलीकडे थेट वायरलेस, बॅकअप म्हणून.

पिमच्या स्पार्स मोडमध्ये (त्याचं चालू मानक २०१६ चं आरएफसी ७७६१) एक राउटर भेटीची जागा म्हणून नेमतात, त्याला आरपी म्हणतात. इथे तो मुख्य इमारतीत. स्रोत आपला माल आरपीकडे पोचवतो, मागणारे आरपीकडे मागतात, दोघांची गाठ तिथे पडते. पण एकदा पहिलं पॅकेट हाती आलं की मागणाऱ्याच्या राउटरला स्रोताचा पत्ता कळतो आणि बरेच राउटर तिथूनच "आता आरपीला वळसा कशाला" म्हणत स्रोताकडे जाणारी जवळची वाट धरतात. जवळची म्हणजे त्यांच्या साध्या रूटिंग टेबलातली. मल्टिकास्टला स्वतःचा नकाशा नसतो. स्रोताकडे जायचं झालं तर मी कोणत्या पोर्टने गेलो असतो, त्याच पोर्टने आलेलं पॅकेट तो स्वीकारतो, बाकीचं टाकतो. याला आरपीएफ तपासणी म्हणतात आणि एकच माल गोल-गोल फिरू नये म्हणून ती हवीच.

आता राउटरच्या नजरेने बघा. वायरलेसचा डबा गिगाबिट पोर्टला लावलेला. राउटरला पोर्ट दिसतं, त्यापलीकडचा रेडिओ दिसत नाही. फायबरने दोन टप्पे, वायरलेसने एक. वायरलेसच जवळची! पहिले दोन सेकंद माल आरपीमार्गे फायबरने यायचा, मग वाट बदलून हवेतून. त्या रेडिओवर मल्टिकास्टला ना पोच ना पुन्हा पाठवणं, वर वेग सगळ्यात कमी. युनिकास्ट तिथून मजेत चालायचा, त्यामुळे "लिंक तर टकाटक आहे" असं सगळे छातीठोक सांगत होते, आणि खोटं बोलत नव्हते.

"शो आयपी आरपीएफ" आणि पुढे स्रोताचा पत्ता मारला तर पोर्ट वायरलेसचं आलं. त्या पोर्टची ओएसपीएफ कॉस्ट (जास्त असली की वाट लांबची धरली जाते) दोन्ही टोकांना ५० केली. राउटरने वाट फायबरवर घेतली, चौकटी गेल्या. फायबर तुटलं तर वायरलेस अजूनही बॅकअप आहेच.

याच जातीचा दुसरा नमुना म्हणजे जवळच्या वाटेवर पिम चालूच केलेलं नसणं. मग आरपीएफचा शेजारी ०.०.०.० दिसतो आणि मागणी वर चढतच नाही. तेव्हा "शो आयपी पिम नेबर" मध्ये कोण नाही ते बघा. दोन राउटरांमध्ये फायरवॉल असेल तर आयपी प्रोटोकॉल क्रमांक १०३ अडवलाय का तेही विचारा. टीसीपी-यूडीपीचे पोर्ट उघडून पिम जात नाही.

अप्पांचा पुण्यातला मुलगा हेच चित्र मोबाइलवर मागत होता. ते मल्टिकास्टने होणार नाही. इंटरनेट कंपन्या आपला २३९ चा माल बाहेर नेत नाहीत. त्याला एनव्हीआरमधून युनिकास्ट दिला.

आठ महिन्यांनी तोच फोन

"लाईट गई, का कॅमेरा बी गया."

मी फोनवरच म्हटलं, ऑफिसात नवीन काय लावलं? वॉचमन म्हणाला, काही नाही. मग थोडं थांबून: दिवाळीत एक वायफायचा डबा लावला होता, मोबाइलसाठी.

त्या डब्याचा पत्ता कारखान्यातून आलेला तसाच, १९२.१६८.१०.१. आयजीएमपीचा क्वेरिअर आतून चालू. १ हा २ पेक्षा लहान, निवडणूक तो जिंकला. आणि लावलेला कुठे, तर त्याच ऑफिसच्या खोलीत, त्याच बिगरइन्व्हर्टरच्या प्लगला.

डब्यातला क्वेरिअर बंद केला आणि त्याचा पत्ता २०० केला. या वेळी स्विचच्या रॅकवर मार्करने लिहून आलोय: "२ नंबर स्विचचा आहे. १ नंबर कोणालाही देऊ नका." खाली माझा मोबाइल नंबर. वॉचमनने त्यावर पारदर्शक टेप मारली, धुळीने पुसू नये म्हणून.